पीटीचा तास बुडवणारा पाऊस

शाळेतलं भाषांतराचं वर्कशॉप संपलं की मुलांकडून एक फॉर्म भरून घ्यायचा असतो. विद्यापीठाला तो लागतो. शेवटचा प्रश्न नेहमीचाच: 'आजच्या सत्रानंतर पुढच्या वर्षी परकीय भाषा हा विषय घ्यावासा वाटतो का?' पुढे तीन चौकोन. हो, नाही, कदाचित. त्या दिवशी परतताना बसमध्ये मी गठ्ठा चाळत होते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांची अक्षरं, कुठे कोपऱ्यात बदाम, एका कागदावर माझंच चित्र, नाक जरा जास्तच लांब. आणि मग एक कागद, त्यावर 'नाही'च्या चौकोनात ठसठशीत बरोबरची खूण. तिच्याखाली, प्रश्नाशी काही घेणंदेणं नसल्यासारखं लिहिलेलं: 'पहिली ओळ अजून जमलेली नाही. वेळ कमी पडला.' अक्षर मी ओळखलं. सगळा वर्ग दप्तरं भरत असताना जी एकटी मान खाली घालून खोडत बसली होती, तिचं होतं ते. घरी जाऊन मी तिला एक्सेलमध्ये 'नाही'च्या रकान्यात टाकलं. दुसरीकडे कुठे टाकायची सोयच नव्हती. पण ती गोष्ट डोक्यातून जाईना.

आमचं काम तसं सोपं आहे. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या भाषा विभागातर्फे आम्ही सरकारी शाळांत जातो. दोन-तीन विद्यार्थी, एखादा शिकवणारा आणि माझ्यासारखे हौशी. आउटरीच म्हणतात याला. वर्गात जायचं, मुलांना अजिबात न येणाऱ्या भाषेतला चार ओळींचा मजकूर द्यायचा, आणि त्यांच्याकडून त्याचं इंग्रजी करून घ्यायचं. भाषा येत नसताना भाषांतर कसं करणार, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. पण पद्धत बसवलेली आहे. आधी मजकूर नुसता मोठ्याने वाचून दाखवायचा, दोनदा. काय ऐकू आलं? रागावलंय कुणी, की गाणं आहे? कुठला आवाज परत परत येतोय? मग शब्दार्थांची यादी वाटायची. तिच्यावरून मुलं गटागटाने ओळ न् ओळ ओबडधोबड इंग्रजीत उतरवतात. हा कच्चा माल हातात आला की खरा तास सुरू होतो, कारण आता सगळ्या गटांकडे तेच शब्द असतात आणि तरी एकाचंही वाक्य दुसऱ्यासारखं होत नाही. शेवटी प्रत्येक गट आपलं आपलं वाचून दाखवतो. फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन मजकूर आमच्याकडे तयार असतात. त्या दिवशी मी म्हटलं, मराठी नेऊ या.

आयती कविता घेतली की हक्कांची भानगड येते, म्हणून मीच चार ओळी खरडल्या होत्या:

रिपरिप रिपरिप सकाळपासून,
पाणी ठिबकतं छपरावरून,
दप्तर म्हणतं, चल ना शाळेत,
छत्री म्हणते, बस दडून.

कविता म्हणून हिची लायकी काय ते मला ठाऊक आहे. पण वर्गाला तिने कामाला लावलं. दप्तर आणि छत्री तशी सरळ गेली, बोलणाऱ्या वस्तूंचं त्या वयाला काही वाटत नाही. अडलं ते पहिल्याच शब्दावर. यादीत मी लिहिलं होतं: रिपरिप म्हणजे बारीक पाऊस सतत पडत राहण्याचा आवाज. पाचही गटांनी एकमताने 'पिटर-पॅटर' लिहून टाकलं, कारण इंग्रजीत तो शब्द तयारच असतो. मागच्या बाकावरची ती मुलगी म्हणाली, "पण पिटर-पॅटर छान असतं, मिस. ते गोष्टीच्या पुस्तकात पडतं. हा पाऊस छान आहे का?" मी म्हटलं, नाही, हा कंटाळवाणा आहे. थांबतही नाही आणि धड कोसळतही नाही. आता ज्या गावात वर्षातले निम्मे दिवस आभाळ खाली आलेलं असतं, तिथल्या मुलांना हा पाऊस मी काय समजावणार! तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे पीटीचा तास बुडवतो तो." आणि तिने तेच लिहिलं. पीटीचा तास बुडवणारा पाऊस, आजसुद्धा.

वर्ग हसला. मला वाटलं, झालं, याहून चांगलं काय होणार. पण ती नाखूश. अर्थ आला, पण आवाज गेला असं तिचं म्हणणं. मूळ ओळ ऐकताना पाऊस ऐकू येतो, माझ्या ओळीत नुसता कळतो. हे तिने याच शब्दांत नाही सांगितलं, बाकावर बोटांनी ठकठक करून दाखवलं: तुमचं असं वाजतं, माझं वाजतच नाही. मग बारीक आवाजाचे शब्द गोळा करणं सुरू झालं. मार्जिनमध्ये स, झ, ट लिहून त्यांच्याभोवती गोल. भाषांतरावर जाडजूड ग्रंथ लिहिणारे जिथे अडतात, बरोब्बर तिथेच ही पोरगी येऊन अडली होती, आणि तिला मराठीचा एक शब्दही येत नव्हता.

फॉर्मवर मात्र ती 'नाही'.

माझ्या स्वतःच्या शाळेत भाषांतर म्हणजे शिक्षाच होती. इंग्रजीला तर्खडकरी वळण, कर्ता-कर्म-क्रियापद आपापल्या जागी, आणि वाक्यं अशी की आयुष्यात कुणी कुणाला बोललं नसेल. संस्कृतला 'खालील उताऱ्याचे मराठीत भाषांतर करा'. ते आम्ही करत नसू, पाठ करत असू. गाइडमधलं, स्वल्पविरामासकट. मजा म्हणजे संस्कृत घेतलं होतं सगळ्यांनीच. हौसेने घेणारे दोन-चार असतील. बाकीच्यांना त्यात मार्क पडतात एवढं पुरेसं होतं. पैकीच्या पैकी मिळवून आम्ही बाहेर पडलो आणि आज माझ्याजवळ त्यातलं 'रामः रामौ रामाः' तेवढं उरलंय. इंग्लंडमध्ये याच्या बरोबर उलटी तक्रार आहे. भाषांना मार्क पडत नाहीत म्हणून मुलं त्या घेत नाहीत. ही नुसती समजूतही नाही. परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वॉलनेच २०१९ मध्ये मान्य केलं की सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत फ्रेंच आणि जर्मनचं मूल्यमापन जरा सैल करायला आधार आहे. म्हणजे एकीकडे मार्कांच्या लोभाने भाषा घ्यायची, दुसरीकडे मार्कांच्या धास्तीने टाकायची. दोन्हीकडे भाषा बिचारी मार्कशीटवरच्या एका रकान्यापुरती.

इंग्लंडमध्ये २००४ पासून चौदा वर्षांपुढच्या मुलांना परकीय भाषा सक्तीची राहिली नाही. त्यानंतरची घसरण मी आकड्यांनी सांगत बसणार नाही, एक जर्मन पुरे. नव्वदच्या दशकात ए-लेव्हलला, म्हणजे अठराव्या वर्षीच्या परीक्षेला, जर्मन घेणारी मुलं वर्षाला दहा हजारांच्या पुढे असत. आता ती अडीच हजारांच्या आसपास रेंगाळतात. स्पॅनिशने २०१९ मध्ये ए-लेव्हलला फ्रेंचला मागे टाकलं. त्यावर एक शिक्षिका मला म्हणाल्या, "जिंकली वगैरे काही नाही हो, ती फक्त हळू बुडतेय." खरं तर ते पूर्ण खरं नाही, स्पॅनिश वाढलीही आहे. पण त्यांच्या शाळेतून जर्मन गेलं तेव्हा त्या स्वतः जर्मनच्या शिक्षिका होत्या, त्यामुळे मी वाद घातला नाही.

तर अशा वेळी विद्यापीठं शाळांत जाऊ लागली. त्यात परोपकार किती आणि पोटाचा प्रश्न किती, हे विचारू नये असं नाही. ए-लेव्हलला कुणी जर्मन घेतलंच नाही, तर तीन-चार वर्षांनी विद्यापीठातल्या जर्मनच्या वर्गात बसणार कोण? म्हणून सुरुवातीच्या मोहिमांचा सूर बराचसा जाहिरातीचा असे. भाषा शिका, नोकरी मिळेल. भाषा शिका, पगार वाढेल. भाषा शिका, जग फिराल. अशी पोस्टर्स मी वर्गांच्या भिंतींवर पाहिली आहेत, आयफेल टॉवरचा निळा रंग उडून पांढरा पडलेला. तेरा वर्षांच्या मुलाला पगाराशी काय करायचंय? शिवाय ते हुशार असतात. विकायला आलेला माणूस त्यांना दारातच ओळखू येतो.

भाषांतर हे तिथे मागच्या दाराने आलं. सक्ती गेली त्याच २००४ साली इंग्रज कवी स्टीफन स्पेंडर यांच्या नावाच्या न्यासाने कविताभाषांतराची स्पर्धा सुरू केली: कुठल्याही भाषेतली कविता घ्या, इंग्रजीत आणा, आणि सोबत आपण काय केलं, का केलं यावर छोटंसं टिपण जोडा. मला त्या टिपणाची अट फार आवडते. कविता छान आली की नाही हे नशिबावरही असतं, पण 'इथे मी यमक सोडलं, कारण…' असं लिहायला बसलेल्या मुलाला स्वतःचा हात कुठे फिरला ते पाहावंच लागतं. पुढे ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात ट्रान्सलेशन एक्सचेंज नावाचं केंद्र निघालं. ते शाळांना वर्गात वापरायचं साहित्य पुरवतं आणि अकरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी भाषांतरकार अँथिया बेल यांच्या नावाने बक्षीस देतं.

अँथिया बेल आपल्याला नावाने माहीत नसतात. पण अ‍ॅस्टेरिक्स हे फ्रेंच कॉमिक इंग्रजीत वाचलं असेल तर आपण हसलो ते त्यांच्या आणि त्यांचे भाषांतरातले जोडीदार डेरेक हॉक्रिज यांच्या विनोदांवर. त्यातल्या छोट्या कुत्र्याचं फ्रेंच नाव इदेफिक्स. डोक्यात घट्ट बसलेली, निघता न निघणारी कल्पना, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. इंग्रजीत तो डॉगमॅटिक्स झाला. हट्टीपणा तर आलाच, वर आत एक डॉगही येऊन बसला, जो फ्रेंचमध्ये नव्हताच. मुलांना हे सांगितलं की पहिला प्रश्न हमखास येतो: "अशी चीटिंग चालते?" चालते म्हणा, आणि बघा वर्गाचं काय होतं ते. बेल यांचे वडील एड्रियन बेल यांनी टाइम्सचं पहिलं शब्दकोडं रचलं होतं, १९३० साली. बापाने कोडी घालावीत आणि लेकीने जन्मभर सोडवावीत, असा हा मामला. याच बाईंनी जर्मन लेखक डब्ल्यू. जी. सेबाल्डचं अतिशय गंभीर, लांबच लांब वाक्यांचं गद्यही इंग्रजीत आणलं, आणि इंग्लंडमध्ये साहित्यिक भाषांतराचं राष्ट्रीय केंद्र १९८९ मध्ये उभं केलं ते सेबाल्डनेच. कुत्र्याच्या नावापासून तिथपर्यंत एकाच बाईचा हात पोचला, हे मला वर्गात सांगायला आवडतं. पोरं कुत्र्यापाशीच थांबतात, ते सोडा.

फोनचा प्रश्नही येतोच. "मिस, हे फोन एका सेकंदात करतो." करतो. आम्ही करून दाखवतो. माझ्या चार ओळी फोनला दिल्या तर दप्तराची स्कूल बॅग, छत्रीची अम्ब्रेला, सगळं व्यवस्थित, एकही चूक नाही आणि एकदाही हसू येत नाही. मग तेच फळ्यावर लिहायचं आणि मुलांना म्हणायचं, घ्या, फाडा. दुसऱ्याचं भाषांतर फाडण्यात माणसाला जो आनंद होतो तो वयपरत्वे कमी होत नाही, याची खात्री हवी असेल तर मराठीतल्या कुठल्याही अनुवादाखालच्या कॉमेंट्स वाचाव्यात.

आता त्याच वर्गातल्या एका मुलाबद्दल. खिडकीजवळ बसलेला, हुडी डोक्यावर, पहिली दहा मिनिटं टेबलावर आडवा. मी दुसऱ्यांदा ओळी वाचत होते. 'पाणी ठिबकतं' म्हटलं आणि हुडी वर आली. "पाणी! ते वॉटर आहे." बाकीच्यांना यादी मिळायची होती अजून. याला कसं कळलं? तर घरी पंजाबी बोलतात. आणि त्याने वर हेही सांगितलं की त्याची आजी अगदी असंच म्हणते, टीव्हीवरचे लोक 'पानी' म्हणतात ते वेगळं. मी जागच्या जागी थक्क झाले. मराठी आणि पंजाबीला जोडणारा तो ण, जो हिंदी-उर्दूत न झाला, त्याच्यावर भाषाशास्त्राचे तास खर्ची पडतात. याने तो आजीच्या तोंडून उचलला होता. पुढचा काही वेळ सगळे गट त्याच्याकडे धाव घेत होते, 'छप्पर' काय, 'दप्तर' काय, आणि हा छातीठोक उत्तरं देत होता, काही बरोबर, काही ठोकून दिलेली. शेवटी मी त्याला म्हटलं, म्हणजे तुला तीन भाषा येतात की. पंजाबी, उर्दू, इंग्रजी. तो पटकन म्हणाला, "नाही नाही, पंजाबी मला येत नाही. फक्त घरी बोलतो."

फक्त घरी.

इंग्लंडच्या शाळांतल्या पाचातल्या एकाहून जास्त मुलांच्या घरात इंग्रजीखेरीज दुसरी भाषा आहे. ही मुलं आईबरोबर दवाखान्यात जातात आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगतात. सांगताना काही गाळतात, काही मऊ करतात, कारण पुढे आई असते. गावच्या कौन्सिलच्या पत्रातलं सरकारी इंग्रजी आजोबांना समजेल असं करून देतात. शिक्षक पालकसभेला आपल्याबद्दल काय म्हणाले, तेही तेच सांगतात, आणि त्यात किती सर्जनशीलता लागत असेल याची कल्पनाच केलेली बरी! आम्ही वर्गात तासाभरात जे करायला लावतो ते ही मुलं वर्षानुवर्षं करत आली आहेत. पण कुणी विचारलं, भाषा येतात का, तर उत्तर 'नाही'. भाषा म्हणजे ती, जिला पुस्तक असतं, तास असतो, परीक्षा असते. पंजाबी, उर्दू, बंगाली, गुजरातीला निदान परीक्षा तरी आहे. तीही मध्यंतरी जायला निघाली होती. परीक्षा मंडळांनी २०१५ मध्ये अशा बऱ्याच भाषांची पात्रता बंद करायचं ठरवलं, ओरड झाली, आणि मग सरकारने मध्ये पडून त्यातल्या बऱ्याच वाचवल्या. आपल्या मराठीला तिथे जीसीएसई नाहीच. त्यामुळे माझ्या मुलीच्या फॉर्मवर 'अवगत भाषा'पुढे शाळेने फ्रेंच लिहिलं. तिला फ्रेंचमध्ये फक्त स्वतःचं नाव आणि मांजराचा रंग सांगता येतो.

या कामाबद्दल मन स्वच्छ नाही हेही सांगते. एक तास जायचं, वर्ग पेटवायचा, आणि निघून यायचं. मागे ती एकटी भाषाशिक्षिका, तिच्याकडे आठवड्याला दोन तास, त्यात क्रियापदांची रूपं आणि परीक्षेला येणारा 'माझी सुट्टी' हा विषय. आपण खेळून गेलो, अभ्यास तिने घ्यायचा. पाहुण्याने येऊन मुलांना आइसक्रीम द्यावं आणि पालेभाजी आईवर सोडावी, त्यातलंच. वेल्सने यावर जरा बरा मार्ग काढला होता. तिथे कार्डिफ विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१५ पासून विद्यापीठातली मुलं शाळेतल्या मुलांना काही आठवडे सलग भेटतात, व्याकरण शिकवायला नव्हे, भाषांबद्दल, माणसांबद्दल बोलायला. मुलगी आणि तिची मेंटर एकमेकींना ओळखू लागतात, मग विषय निवडायची वेळ येते. पण जानेवारी २०२५ मध्ये त्याच कार्डिफ विद्यापीठाने खर्चकपातीच्या प्रस्तावात आपला आधुनिक भाषांचा विभागच बंद करायचं मांडलं. विरोध झाला, नंतर तो राखायचं ठरलं, लहान करून. ज्या घराने शाळाशाळांत जाऊन सांगितलं की या, आमच्याकडे या, त्याच घराच्या दारावर पाटी लागता लागता राहिली. शाळेतल्या मुलांना बातम्या कळत नाहीत असं समजू नये. एका मुलाने मला सरळ विचारलं होतं, "तुमचं डिपार्टमेंट पुढच्या वर्षी असेल का?"

म्हणून 'नाही'च्या रकान्याचा मी आमच्या समन्वयक बाईंशी थोडा वाद घातला. त्या शांतपणे म्हणाल्या, निधी देणाऱ्यांना आकडा लागतो. आकडा नसेल तर पुढचं सत्र नाही. आणि पुढचं सत्र नसेल तर तुझ्या त्या मुलीला पहिल्या ओळीशी झटायला तेवढा तासही मिळणार नाही. यात खोटं काही नव्हतं. तेव्हा फॉर्म तसाच राहिला. फक्त खाली एक रिकामी चौकट वाढली, शीर्षक नसलेली, आणि तिच्यात मुलं वाटेल ते लिहितात.

पुढच्या सत्राला आम्ही मजकूर न्यायचा नाही, मुलांनी घरून आणायचा असं ठरवलं. तिथल्या शिक्षिका कचरल्या. "कुठल्या भाषा येतील कुणास ठाऊक. आम्हाला एकही येणार नाही. बरोबर-चूक तपासणार कोण?" म्हटलं, आणणाऱ्याने शब्दार्थांची यादी करायची, आणि त्या तासापुरता तज्ज्ञ तोच. हुडीवाल्याने आजीचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप आणला. ईदचे कपडे कुणी कुणाला घेतले आणि कुणी मुद्दाम घेतले नाहीत, अशी ती साधारण दीड मिनिटाची तक्रार होती. त्याने ती रोमन अक्षरांत उतरवून काढली. यादी करायला बसला तर काही शब्द त्याला येईनात. आईला विचारलं. त्यातले दोन आईलाही धड सांगता येईनात, तिने लाहोरला फोन लावला. आजी म्हणे आधी घाबरलीच, माझी तक्रार शाळेपर्यंत गेली कशी म्हणून. मग सगळं समजल्यावर तिने तोच निरोप नव्याने, जरा सावकाश, बोलून पाठवला, आणि त्यात पहिल्या खेपेला राहून गेलेल्या आणखी दोन नातेवाइकांची भर घातली. वर्गात आता दोन आवृत्त्या आहेत आणि कुठली मूळ धरायची यावर पोरांचं एकमत होत नाहीये.